मॉर्मन मिशनऱ्यांची क्षेत्रबदली (फिलिपिन्स)

'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' या चर्चमध्ये तरुण मिशनऱ्यांचे क्षेत्र किंवा जोडीदार ठरावीक काळाने बदलण्याची पद्धत. हे चर्च मॉर्मन चर्च या नावाने परिचित आहे. 2018 पासून चर्च स्वतः मात्र पूर्ण नावाचाच आग्रह धरते. मुलगे (एल्डर) 24 महिने आणि मुली (सिस्टर) 18 महिने सेवा देतात. साधारण दर सहा आठवड्यांनी मिशन अध्यक्ष, म्हणजे चर्चने सेवेसाठी आखलेल्या विभागाचा (मिशनचा) प्रमुख, बदल्यांची यादी काढतात. एका क्षेत्रात बहुधा दोन ते चार फेऱ्या, म्हणजे तीन ते सहा महिने मुक्काम पडतो. त्यामुळे अनोळखी गावात बस्तान बसवणे हे सेवाकाळात पाच-सात वेळा करावे लागणारे काम आहे आणि ते शिकावेच लागते.

फिलिपिन्समध्ये चर्चच्या नियमित कामाची सुरुवात 28 एप्रिल 1961 रोजी मनिलातील अमेरिकन युद्धस्मारकात झालेल्या सभेने झाली. आज तेथे आठ लाखांहून अधिक सदस्य आणि वीसहून अधिक मिशन आहेत. परदेशी मिशनऱ्याला येथे बहुतेक वेळा फिलिपिनो जोडीदार मिळतो. पहिले बारा आठवडे तो नव्या मुलाचा प्रशिक्षकही असू शकतो. जोडीने एकमेकांच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहायचे असते. एकट्याने कुठेही जायचे नसते. हाच नियम बदलीच्या दिवशी पेच निर्माण करतो. जुना जोडीदार पहाटेच्या बसने निघाला आणि नवा दुसऱ्या बेटावरून रात्रीच्या बोटीने येणार असला, तर मधल्या वेळेत मागे राहिलेल्याला शेजारच्या जोडीबरोबर तिघांत राहावे लागते. म्हणून बोट चुकल्यास आधी प्रवासाची व्यवस्था पाहणाऱ्याला कळवायचे. परस्पर दुसरी गाडी पकडली की तीन जोड्यांचा दिवस विस्कटतो.

घर मिशन कार्यालयाने भाड्याने घेतलेले असते, पण त्याची पाहणी पहिल्या संध्याकाळीच करावी. गॅसचा सिलिंडर (तेथे 11 किलोचा), रेग्युलेटरजवळची नळी, धुराची सूचना देणारे यंत्र, खिडक्यांच्या जाळ्या, दाराचे कुलूप, तुंबलेली मोरी. पिण्याचे पाणी पाच गॅलनच्या निळ्या कॅनमधून, पाणी भरून देणाऱ्या दुकानातून येते. कॅन कोणाच्या मालकीचे, अनामत किती, उधारी आहे का, हे विचारून घ्यावे. थकलेली उधारी नव्या जोडीच्या माथी येते आणि गल्लीतली पत जाते. वादळाच्या मोसमात तीन दिवस पुरेल इतके पाणी, डबाबंद अन्न, विजेरी, औषधे आणि कागदपत्रे एका पिशवीत तयार ठेवतात.

खरे काम 'एरिया बुक'पासून, म्हणजे क्षेत्राच्या नोंदवहीपासून सुरू होते. पूर्वी ही जाड फाइल असे, आता ती फोनमधल्या ॲपमध्ये असते. ज्यांना शिकवणे चालू आहे त्या प्रत्येकाची नोंद तिच्यात असते: कोणते धडे झाले, प्रभुभोजन सभेला (रविवारच्या उपासनेला) किती वेळा आले, कोणते वचन दिले, कोणता सदस्य सोबत होता. ही नोंद जशीच्या तशी खरी मानून निघणे ही पहिल्या आठवड्यातली नेहमीची चूक. प्रीपेड सिम बदलल्यामुळे फोन नंबर लागत नाहीत. वस्त्यांत घरांना क्रमांक नसतात. बारांगाय (सर्वांत लहान प्रशासकीय विभाग), त्यातला पुरोक (वस्तीचा भाग) आणि पुढे 'सारी-सारी दुकानामागचे (घरगुती किराणा दुकानामागचे) हिरवे फाटक' एवढाच पत्ता. नकाशावरची खूण रस्त्यावर उभे राहून टाकली असेल, तर ती चार घरे चुकते. म्हणून क्षेत्रात आधीपासून असलेल्या जोडीदाराने पहिल्या तीन दिवसांत नव्याला प्रत्येक चालू घरी प्रत्यक्ष नेऊन ओळख करून द्यावी, आणि नव्या जोडीदाराने त्याच रात्री खुणा दुरुस्त करून कुटुंबातल्या सगळ्यांची नावे लिहावीत, लहान मुलांचीसुद्धा. घरात एकटी स्त्री असेल तर एल्डरांनी आत बसायचे नसते. सोबत तिसरी प्रौढ व्यक्ती लागते. ते नोंदीत नसेल, तर सहा किलोमीटर ट्रायसिकलने (मोटारसायकलला जोडलेल्या रिक्षाने) जाऊन फाटकावरून परतावे लागते.

क्षेत्र स्थानिक मंडळीचे असते, मिशनऱ्यांचे नव्हे, हे नव्या मुलांना उशिरा उमगते. बिशप किंवा शाखाध्यक्ष म्हणजे स्थानिक मंडळीचा प्रमुख; त्याला पहिल्याच आठवड्यात भेटून 'आम्ही कोणत्या घरांना उपयोगी पडू?' एवढे विचारणे, हे दिवसभर अनोळखी दारे ठोठावण्याहून कितीतरी मोलाचे. सदस्यांची यादी वॉर्डच्या (स्थानिक मंडळीच्या) लिपिकाकडे असते; सभेला येईनासे झालेली कुटुंबेही त्यातूनच कळतात. रविवारी नव्या मिशनऱ्याला बहुधा दोन-तीन मिनिटे बोलायला लावतात. बाप्तिस्मा झालेली व्यक्ती महिनाभरात दिसेनाशी होते, तेव्हा बहुतेक वेळा तिची मंडळीत कोणाशी मैत्री झालेली नसते. तिच्या ओळखी फक्त मिशनऱ्यांशी असतात आणि बदलीत तेच निघून जातात. धड्याला दर वेळी शेजारचा सदस्य सोबत नेण्याचा आग्रह यासाठीच.

भाषेचा प्रश्न वेगळाच. टागालोग (मनिलाकडची भाषा) शिकून आलेला मुलगा सेबू बेटावर सेबुआनो आणि उत्तरेकडच्या इलोकोस भागात इलोकानो ऐकतो. टागालोगमध्ये वडीलधाऱ्यांशी बोलताना वाक्यात 'पो' हा आदरार्थी शब्द येतो, सेबुआनोत तो नाही. मनिलाकडे फाटकाबाहेरून 'ताओ पो' अशी हाक देतात, सेबूकडे 'आयो'. परदेशी चेहरा दिसताच लोक इंग्रजीत बोलू लागतात. तेथेच शिकणे थांबते. अडखळत का होईना, स्थानिक भाषेतच उत्तर द्यावे आणि जोडीदाराला चुका लगेच सुधारायला सांगावे. पाहुण्याला कॉफी हमखास पुढे केली जाते. चर्चच्या आरोग्यनियमात कॉफी, चहा, तंबाखू आणि मद्य वर्ज्य आहे. पाणी किंवा मायलो (चॉकलेटचे पेय) चालेल असे हसून सांगितले की यजमान दुखावत नाहीत.

आजारपण बहुधा पाण्यातून, डासांतून किंवा कुत्र्यांमुळे येते. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. ताप आल्यास तपासणी होईपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये, पॅरासिटामॉलच घ्यावे. कुत्रा चावल्यास जखम 15 मिनिटे साबणाने धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. मनावरचा ताण मोजायला चर्चच्याच पुस्तिकेत हिरवा, पिवळा, केशरी आणि लाल अशा चार पायऱ्या दिल्या आहेत. झोप उडणे, जोडीदारावर सतत चिडणे, अभ्यासात मन न लागणे ही लक्षणे टिकली तर अध्यक्षांना किंवा त्यांच्या पत्नीला सांगावे. फेब्रुवारी 2019 पासून आठवड्याच्या तयारीच्या दिवशी, म्हणजे खासगी कामांसाठी राखलेल्या दिवशी, घरच्यांशी फोनवर बोलता येते. त्याआधी वर्षातून दोनदाच बोलता येई.

सर्वांत अवघड बदली म्हणजे 'व्हाइटवॉश': दोघेही एकाच दिवशी हलतात आणि क्षेत्र ओळखणारे कोणी उरत नाही. अशा वेळी निघणाऱ्यांनी चालू कुटुंबांची नावे क्रमाने लिहून ठेवावीत, पुढच्या भेटीची वेळ आणि ठरलेली बाप्तिस्म्याची मुलाखत नोंदवावी, रस्ते दाखवू शकणाऱ्या दोन सदस्यांची नावे द्यावीत, आणि चाव्या व पाण्याचा हिशेब बिशपच्या माहितीने मागे ठेवावा.