व्हाळात सापडलेली काळी दाढ

यंदा पावसाळा सरल्यावर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या व्हाळात (ओढ्यात) शाळेच्या मुलांना हाताच्या बोटाएवढा लांब, काळाकुट्ट दात सापडला. संध्याकाळपर्यंत फोटो गावभर. कोणी म्हणालं डायनासोरचा, कोणी म्हणालं राक्षसाचा, आणि एका घरी तर हळदकुंकू वाहून झालं. मुलांनी तो माझ्याकडे आणला. धुऊन चावण्याची बाजू उजेडात धरली, तर इनॅमलच्या, म्हणजे दातावरच्या कडक आवरणाच्या, कडा चंद्रकोरीसारख्या वळलेल्या आणि मधे तपकिरी खळगे. गुराची दाढ! मग सुई लाल तापवून मुळाला टेकवली. केस जळल्याचा वास आला. म्हणजे आतलं कोलॅजेन हे प्रथिन अजून शाबूत आहे. खऱ्या जीवाश्मात ते सहसा उरलेलं नसतं.

काळ्या रंगाला भुलू नये. आपल्या पाण्यात लोह आणि मँगनीज भरपूर, त्यामुळे हाड थोड्याच वर्षांत रंगतं. इंग्लंडमध्ये १९१२ साली आदिमानवाचा जीवाश्म म्हणून गाजलेला ‘पिल्टडाउन मानव’ असाच होता: ओरांगउटानचा जबडा रंग चढवून जुना भासवलेला. १९५३ साली ते बिंग फुटलं.

मुलं हिरमुसली. त्यातल्या एकीने विचारलं, “सर, फ्लोरिडात लोक ओढ्यात चाळण घेऊन बसतात आणि शार्कचे दात काढतात. आपल्याकडे का मिळत नाहीत?” प्रश्न अगदी रास्त आहे. फ्लोरिडा कोट्यवधी वर्षं उथळ समुद्राखाली होता, तिथल्या थरांत चुनखडी आणि फॉस्फेट आहे, आणि पीस नदी ते थर कापत जाते. गोव्याचे बहुतेक खडक साधारण अडीचशे कोटी वर्षांचे. त्या काळी पृथ्वीवर हाड असलेला प्राणीच नव्हता. पूर्वेच्या कडेला दख्खनचा लाव्हा आहे, आणि या सगळ्यावर जांभ्याचं टोपण.

मग निदान हजार-दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या जनावरांची हाडं तरी उरावीत? इथे खरी गंमत आहे. हाड आणि दात दोन्ही मुख्यतः हायड्रॉक्सीॲपेटाइट या खनिजाचे. त्याच्या स्फटिकात दर दहा कॅल्शियममागे सहा फॉस्फेट आणि दोन हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून जमिनीवर पडतं तेव्हाच त्याचा पीएच (आम्लतेचं माप, ७ च्या खाली म्हणजे आम्ल) ५.६ च्या आसपास असतो. जांभ्याच्या मातीतून धो धो पावसाने चुना कधीच धुऊन नेलेला, त्यामुळे ते आम्ल मारायला तिथे काही उरलेलं नाही. पाण्यातले हायड्रोजन आयन हायड्रॉक्सिलला गाठून पाणी बनवतात, फॉस्फेटलाही चिकटतात, आणि स्फटिकाची वीण उसवते. तुमचा दात किडतो तोही असाच! तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळू लागतं.

हाडात खनिज दोन-तृतीयांशच, बाकी प्रथिन आणि पाणी. स्फटिकही अतिसूक्ष्म, म्हणजे आम्लाला भिडायला पृष्ठभाग प्रचंड. इनॅमलमध्ये खनिज सुमारे ९६ टक्के, स्फटिक लांब आणि दाट. म्हणून हाड विरघळून गेलं तरी दात मागे राहतो. त्यात भूजलात फ्लोराइड असेल तर तो हायड्रॉक्सिलची जागा घेतो. तो किंचित लहान असल्याने कॅल्शियमच्या त्रिकोणात नेमका मधोमध बसतो, वीण घट्ट होते आणि आम्लाला सहज दाद देत नाही. तुमची टूथपेस्ट हेच काम करते. शार्कच्या दातावरच्या आवरणात हा फ्लोराइड जिवंतपणीच असतो! पिल्टडाउनचा संशयही आधी फ्लोरीन मोजूनच बळावला. जमिनीत जितका काळ जातो तितका तो हाडात मुरत जातो, आणि त्या जबड्यात तो फारच थोडा होता.

आम्ल मारणारा चुना जिथे आहे तिथे हाडं टिकतात. मांजरा नदीच्या चुन्याने सांधलेल्या गाळात हत्तींची हाडं मिळाली आहेत. नर्मदेकाठी हथनोऱ्याला १९८२ साली मानवी कवटीचा भाग मिळाला. आणि तुळशीच्या लग्नात आपण पूजतो तो गंडकीतला शाळिग्राम म्हणजे अमोनाइट या सागरी जीवाचा जीवाश्म. त्याची पूजा करणाऱ्यांविषयी मला आदर आहे. पण “दैत्याचा दात, घरात ठेवा, बाधा जाईल” म्हणून गुराच्या दाढा विकणाऱ्यांना पैसे देऊ नका, मुलांच्या गळ्यात तर अजिबात बांधू नका.

व्हाळात मिळालं नाही म्हणून मुलांनी हात आखडता घेऊ नये. खाडीत समुद्राचं पाणी येतं, त्याचा पीएच ८ च्या आसपास, त्यामुळे ओल्या चिखलात कालवांचे शिंपले जपले जातात. ओहोटीची वेळ बघून आम्ही चाळण घेऊन तिकडे जाणार आहोत. दाढ शाळेच्या कपाटात ठेवली आहे. चिठ्ठीवर त्याच मुलीने लिहिलंय: ‘गुराची दाढ. व्हाळ, सत्तरी. जीवाश्म नाही.’