मँडोलिन नक्की कुणाचं भारी?

चार मँडोलिनवाले एकत्र बसले की तारा जुळवायच्या आधी मेकरवरून जुंपते, हे जगभर आहे आणि मडगावातही आहे. एक जण इटालियन पार्टीचा, गोल पाठीचं नसेल तर तो त्याला मँडोलिन म्हणायलाच तयार नसतो, नेपल्सचे विनाचिया आणि कालाचे, रोमचा एम्बर्गर ही त्याची दैवतं. दुसरा अमेरिकन गिब्सन कंपनीवाला. तिसऱ्याने ऑस्ट्रेलियाच्या गिलख्रिस्ट या कारागिराचं मँडोलिन फक्त मोबाईलवर ऐकलंय, पण मत एकदम ठाम. आणि चौथ्याकडे चायनात बनलेलं ईस्टमन, तो सगळ्यांचं ऐकून घेतो आणि शेवटी किंमत विचारतो.

गोव्यात हा विषय जरा जास्तच रंगतो, कारण इथे व्हायोलिन खूप आधीपासून रुजलेलं. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवायचे आणि व्हायोलिनवाल्याला मँडोलिन परकं नाहीच, तारा त्याच, जी डी ए ई, फक्त प्रत्येक तार जोडीने आणि हातात गजाऐवजी प्लेक्ट्रम, म्हणजे तार छेडायची चकती. (माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले आणि त्यांचे जोडीदार लक्ष्मीकांत मँडोलिन वाजवायचे, हा मुद्दा कुणीतरी काढतोच.)

आता जरा विज्ञानाकडे येऊ. तार स्वतः इतकी बारीक की तिचा एकटीचा आवाज जवळजवळ काहीच नाही. ती ब्रिज (तारांखालची लाकडी घोडी) हलवते, ब्रिज वरची फळी म्हणजे टॉप हलवतो, आणि आपल्याला जो आवाज येतो तो मुख्यतः टॉपचा. टॉप हलका पाहिजे म्हणजे पटकन हलेल, पण ताठही पाहिजे, कारण आठ तारांचा मिळून ताण ८० किलोच्या आसपास जातो आणि त्यातला काही भाग ब्रिजमधून सरळ खाली टॉपवर दाबतो. हलकं आणि ताठ या दोन्ही गोष्टी एकदम देणारं लाकूड म्हणजे स्प्रूस, म्हणून बहुतेक चांगल्या मँडोलिनांचा टॉप स्प्रूसचा असतो.

खरी करामत पुढे आहे. फळीचं वजन जाडीच्या प्रमाणात बदलतं, पण वाकायला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात. ५ मिलीमीटरची फळी तासून साडेचार केली तर वजन १० टक्के घटतं आणि ताठपणा मात्र २७ टक्के जातो! कोरलेल्या कमानदार टॉपमध्ये कमानीचा आकारही ताठपणा देतो म्हणून हिशोब इतका सरळ राहत नाही, पण अर्धा मिलीमीटर म्हणजे किती मोठी गोष्ट हे कळतं. त्यात एकाच जातीच्या दोन झाडांच्या फळ्या सारख्या ताठ नसतात. म्हणून चांगला कारागीर फक्त कॅलिपरवर जाडी मोजून थांबत नाही, फळी हातात धरून वाकवतो, बोटाने ठोकून ऐकतो, परत थोडं तासतो. कारखान्यात मशीन सगळ्या फळ्या एकाच मापाच्या काढतं, माप सारखं आणि लाकूड वेगळं, त्यामुळे एकाच मॉडेलची दोन मँडोलिनं वेगळी वाजतात. माझं मत विचाराल तर मेकरचं नाव म्हणजे या तासण्याचं नाव, बाकी सगळं नंतर.

टॉपनंतर आतली हवा. हे समजायला चवथीच्या आरतीतलं घुमट आठवा. मातीचं भांडं, एका तोंडाला चामडं, दुसरं लहान तोंड उघडं, आणि वाजवणारा डाव्या हाताने ते उघडं तोंड कमी-जास्त झाकत असतो. तोंड झाकत आणलं की आवाज खाली उतरतो. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने हेच गणितात मांडलं: पोकळी मोठी किंवा भोक लहान तर हवेचा स्वर खाली, उलट केलं तर वर. मँडोलिनचं भोक गोल, अंडाकृती की व्हायोलिनसारखं एफ-आकाराचं, यावरून जी भांडणं होतात त्यात हा भाग असतोच. पण भोकाची जागाही तितकीच महत्त्वाची. मधोमध अंडाकृती भोक पाडलं की टॉपचा ऐन मधला भाग कापला जातो, बाजूला दोन एफ-भोकं पाडली की मधला भाग शाबूत राहतो आणि ब्रिज बरोबर मध्यावर बसवता येतो. अंडाकृतीवाल्याचा आवाज जरा गोड आणि रेंगाळणारा, एफवाल्याचा सुटसुटीत, टणत्कारी. ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीतात ऑफबीटला तो जो खाडकन तुटक कॉर्ड मारतात, त्याला दुसराच लागतो.

एफ-भोकं मँडोलिनवर गाजली ती गिब्सनच्या एफ-५ मुळे. ऑरव्हिल गिब्सनने १८९८ मध्ये कोरीव मँडोलिनचं पेटंट घेतलं, व्हायोलिनसारखी कमान कोरायची ही कल्पना त्याची. पण एफ-५ आलं १९२२ मध्ये, लॉइड लोर हा इंजिनिअर गिब्सनमध्ये असताना, आणि हा माणूस स्वतः मँडोलिन वाजवणारा. १९२४ संपता संपता तो कंपनी सोडून गेला. तेवढ्या अडीचेक वर्षांतल्या, आत त्याची सही असलेल्या एफ-५ ची किंमत आज एक लाख डॉलरच्या वर जाते. ब्लूग्रासचा जनक मानला जाणाऱ्या बिल मनरोने १९४० च्या दशकात फ्लोरिडातल्या एका न्हाव्याच्या दुकानातून १९२३ सालचं असंच एक एफ-५ घेतलं आणि पुढे आयुष्यभर वाजवलं. १९८५ मध्ये कुणीतरी घरात घुसून त्या मँडोलिनचे अक्षरशः तुकडे केले, गिब्सनच्या कारागिरांनी ते तुकडे जोडले, आणि तो परत तेच वाजवायला लागला.

आणि हो, एफ-मॉडेलच्या (हा एफ भोकांचा नाही, आकाराचा) खांद्यावरचं ते नक्षीदार वळण, ज्याचे वेगळे पैसे पडतात, ते दिसायला झकास आहे पण आवाजात त्याचा वाटा फारसा नाही. टॉप, भोकं आणि कमान सारखी असेल तर साधं थेंबाच्या आकाराचं ए-मॉडेल तितकंच वाजतं. पैसे कमी असतील तर डोळे मिटून ए घ्या.

जोडतारांची गंमत वेगळीच. एकीचा स्वर ४४० हर्ट्झ आणि दुसरीचा ४४१ असेल तर सेकंदाला एक अशी लाट ऐकू येते, तीच ती मँडोलिनची झिलमिल. पण त्याहून भारी गोष्ट गॅब्रिएल वाइनराइश या भौतिकशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये पियानोच्या तारांबद्दल दाखवली. दोन तारा एकाच वेळी एकाच दिशेने ब्रिजला ढकलतात तेव्हा ऊर्जा झपाट्याने बाहेर जाते, आवाज मोठा आणि लगेच उतरणारा. मग थोड्याच वेळात त्या एकमेकींच्या उलट हलायला लागतात, ब्रिजवर जोर कटतो, ऊर्जा तारांतच अडकते आणि बारीक शेपटीसारखी मागे रेंगाळते. मँडोलिनवरही दोन तारा एकाच ब्रिजवर आहेत, म्हणजे भौतिकी तीच. आपण जिला एखाद्या मेकरची खासियत म्हणतो त्यातला थोडा भाग त्या दिवशीच्या ट्युनिंगचाही असू शकतो.

आता डोळे बांधायची वेळ. २०१२ मध्ये क्लॉडिया फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांचा व्हायोलिनवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला, २१ वादकांना वेल्डिंगचे गॉगल घालायला लावले, जुन्या लाकडाचा वास कळू नये म्हणून व्हायोलिनवर हनुवटी टेकायच्या पट्टीखाली परफ्यूमसुद्धा लावला, आणि नवी व्हायोलिनं, स्ट्राडिव्हारीसारखी जुनी नामवंत व्हायोलिनं वगैरे मिसळून दिली. सगळ्यात कमी आवडलं ते एक स्ट्राडिव्हारीच. २०१८ मध्ये गिटारवर असंच झालं, पाठ आणि बाजू वेगवेगळ्या लाकडांच्या, बाकी सगळं सारखं अशा सहा गिटारी ५२ वादकांनी गॉगल लावून वाजवल्या, लाकडाने फारसा फरक पडला नाही. मेकर सगळे सारखेच असा याचा अर्थ नाही हां, त्या सहाही गिटारी एकाच कसलेल्या मेकरच्या देखरेखीतल्या होत्या. महाग लाकडाचं नाव ऐकून कान फसतात, एवढाच अर्थ.

गोव्यात याच्या वर पावसाळा. ५० टक्के आर्द्रतेत लाकडात साधारण ९ टक्के पाणी असतं, ८५ टक्क्यांना तेच १८ च्या आसपास. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, आडवं वाढतं. २५ सेंटीमीटर रुंद स्प्रूसची फळी मोकळी ठेवली तर एवढ्या फरकात ती तीनेक मिलीमीटर फुगेल. मँडोलिनमध्ये ती कडेने चिकटवलेली, बाजूला पसरायला जागा नाही, मग ती वर उचलते, ब्रिज वर जातो, तारा फ्रेटपासून (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून) लांब होतात, बोटं दुखतात आणि आवाज बसल्यासारखा होतो. पॉलिशमुळे हे सगळं हळू होतं, पण जुलै संपेपर्यंत जाणवतंच. म्हणून एसी हॉलमधलं एक आणि म्हापशाच्या घरात भिंतीला टांगलेलं दुसरं, अशी तुलना करून मेकर ठरवू नये.

हल्ली काही मेकर टॉपचं लाकूड ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या भट्टीत भाजून घेतात. त्यात लाकडातला पाणी ओढणारा हेमिसेल्युलोज बराचसा मोडतो, त्यामुळे ते कमी फुगतं, थोडं हलकंही होतं, फक्त जास्त ठिसूळ होतं आणि चिकटवताना त्रास देतं. आपल्या हवेला हा प्रकार मला आवडतो. पण घेताना विचारून घ्या, कारण बरेचदा टॉपच तेवढा भाजलेला असतो, पाठ आणि बाजू साध्या मेपलच्या. अशा वेळी जूनपासून सप्टेंबरपर्यंत वाजवून झालं की सिलिका जेल टाकून केस बंद ठेवायची, आत आर्द्रता मोजणारा एक छोटा हायग्रोमीटर ठेवायचा आणि काटा ६० टक्क्यांच्या वर गेला की जेल गरम करून परत वापरायचं.