माणूस मेल्यावर देवदूत होतो का?
मिरजेच्या दफनभूमीत लेकराची पेटी खाली उतरली की कुणीतरी आईला म्हणतंच, "रडू नको गं, तुझं बाळ देवदूत झालं." माया खरी आहे, पण बायबलमध्ये असं कुठंच नाही.

देवदूत वेगळे घडवलेले. बायबलमधलं इब्री 1:14 त्यांना सेवा करणारे आत्मे म्हणतं. गोंधळ होतो तो मत्तय 22:30 मुळे. सात भावांशी एकामागून एक लग्न झालेल्या बाईचं उदाहरण देऊन सदूकी, म्हणजे मेलेले पुन्हा उठतात हे न मानणारे यहूदी, येशूला अडवू पाहतात: मग उठल्यावर ती कुणाची बायको? तो सांगतो, पुनरुत्थानानंतर लग्नं नाहीत. त्या बाबतीत माणसं देवदूतांसारखी असतील. 'सारखी' म्हटलंय.

खरी आशा याहून मोठी आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 15 व्या अध्यायात प्रेषित पौल पेरलेल्या दाण्याचा दाखला देतो. आपला शाळूच बघा ना: काळ्या रानात बारीकसा दाणा गाडला जातो आणि वर येतं हिरवंगार ताट, कणसासकट. तसंच हे शरीर नव्या रूपात उठणार. प्रकटीकरण 21 मध्ये तर देवाची नगरी, नवी यरुशलेमच, स्वर्गातून खाली उतरते.

म्हणून त्या आईला रडू द्या. आपला मित्र लाजर याच्या कबरेकडे जाताना येशूही रडला होता. आणि तिच्या लेकराचं नाव तिच्यासमोर घ्या. ते लेकरूच आहे.