वेदनेची प्रश्नावली मराठीत करून घेताना : नुसत्या बॅक ट्रान्सलेशनने भागत नाही

"फॉर्मचं मराठी आमचं आम्ही केलंय, तुम्ही फक्त बॅक ट्रान्सलेशन करून सर्टिफिकेट द्या." एमपीटीचे (फिजिओथेरपीतल्या पदव्युत्तर पदवीचे) विद्यार्थी, पेन क्लिनिकचे डॉक्टर, सगळ्यांकडून हा निरोप येतो, आणि सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) जमा करायची तारीख जवळ आली की जास्तच येतो. बॅक ट्रान्सलेशन म्हणजे उलट भाषांतर : मराठी केलेलं पुन्हा इंग्रजीत नेऊन मुळाशी ताडून बघणं. आम्ही भाषांतराचंच काम करतो, पण नुसतं एवढंच करून द्यायला नाही म्हणतो. का, ते फोनवर दर वेळी घाईत सांगण्याऐवजी इथे नीट लिहिलं आहे.

ही सवय संमतीपत्रावरून लागलेली असते. एथिक्स कमिटीला संमतीपत्राचं मराठी आणि त्याचं उलट भाषांतर दिलं की काम होतं, तसंच प्रश्नावलीचंही होईल असं वाटतं. पण संमतीपत्रातली माहिती रुग्णाला समजली की पुरे. प्रश्नावलीत त्याच्या उत्तराचा आकडा होतो आणि त्या आकड्यावर तुमचा अख्खा प्रबंध उभा राहतो.

एक उदाहरण. आमच्याकडे आलेल्या एका फॉर्मात 'शूटिंग पेन'साठी 'गोळी मारल्यासारखी वेदना' असं लिहिलं होतं. ते इंग्रजीत परत नेलं तर 'शूटिंग पेन'च येणार. कागदावर सगळं जुळलं. तोच फॉर्म कंबरदुखीच्या एका आजींना वाचून दाखवला, तर त्या म्हणाल्या, "गोळी रोज घेते की गं मी, बीपीची." मग त्यांनी तळहात कमरेवर ठेवला, मांडीवरून पोटरीकडे सरकवत नेला आणि म्हणाल्या, "इथून चमक निघते ती थेट टाचेपर्यंत." आम्हाला हवा होता तो शब्द 'चमक'. तो उलट भाषांतराने कधीच सापडला नसता, कारण शब्दशः केलेलं भाषांतरच इंग्रजीत परत नेल्यावर मुळाशी सगळ्यात छान जुळतं.

रोनाल्ड मेलझॅक यांच्या १९७५ च्या मॅकगिल प्रश्नावलीत वेदनेचे ७८ शब्द २० गटांत मांडले आहेत, १९८७ च्या छोट्या आवृत्तीत १५ आहेत. ते इंग्रजी बोलणाऱ्यांचे शब्द. आपल्याकडे ठणका, ठसठस, कळ, पेटका, रग, मुंग्या, आग असा वेगळाच संसार आहे, आणि तो इंग्रजीशी एकास एक बसत नाही. 'बर्निंग'ला 'जळजळ' लिहिलं तर बरेच आजोबा छातीवर हात ठेवून पित्ताचं सांगतात. पायांची 'आग होते' म्हटलं की बरोबर कळतं. 'वेदना' हा शब्द पुस्तकी, बायकांना 'कळा' म्हटलं की बाळंतपण आठवतं, आणि "काय दुखणं आहे?" असं विचारलं तर उत्तर येतं, "शुगर आहे."

"तुर्कीत हीच प्रश्नावली झाली आहे, मग मराठीला इतका वेळ का?" असंही विचारलं जातं, कारण गाइडनी नमुना म्हणून तुर्की रुग्णांवरचा पेपर दिलेला असतो. तो जरूर वाचा. तिथेही हीच अडचण आहे. सर्वसाधारण दुखण्याला 'आरी', आतल्या आत ठसठसण्याला 'सिझी', पोटात कळ यावी तशा दुखण्याला 'सानजी', आणि 'अजी' म्हणजे वेदना, मनाचं दुःख, शिवाय तिखट आणि कडू चवसुद्धा. गुडघ्याच्या प्रश्नावलीत तिथे नमाजासाठी गुडघे टेकणं आणि खाली बसायचा संडास यांचा विचार करावा लागतो. आपल्याकडे वोमॅक या गुडघा-खुब्याच्या संधिवाताच्या प्रश्नावलीतला बाथटबमध्ये उतरण्याचा प्रश्न मोरीत पाटावर बसणाऱ्या आजींना विचारून काय मिळणार? त्यांचा गुडघा कळतो तो मांडी घालताना आणि विळीवर बसताना. एक गोष्ट मात्र तुर्कीत सोपी आहे : त्या भाषेत लिंगभेदच नाही. मराठीत 'मी जिना चढतो/चढते' अशी तिरकी रेघ वाचून दाखवताना गोंधळ होतो. आम्ही 'मला जिना चढता येतो' असं लिहितो, ते दोघांनाही चालतं.

दुखणं किती आहे ते आकड्यात सांगायची शून्य ते दहाची पट्टी हा वयस्कर रुग्णांचा वेगळाच विषय. दहापैकी दहा म्हणजे चांगले मार्क, असं समजून उत्तर देणारे भेटतात. हेच लोक "रुपयात बारा आणे फरक आहे" असं अचूक सांगतात. तरीही पट्टी बदलायची नाही, नाहीतर इतर अभ्यासांशी तुलना करता येणार नाही. पण विचारणाऱ्यासाठी समजावून सांगायची दोन वाक्यं आम्ही लिहून देतो आणि ती प्रत्येकाला तशीच वाचून दाखवायची असतात. नुसत्या रेघेवर खूण करायची पद्धत म्हातारपणी जास्त चुकते. तीच वापरायची असेल तर रेघ १०० मिलिमीटरची राहते का ते पट्टीने मोजून बघा, झेरॉक्समध्ये ती लहानमोठी होते.

आमची पद्धत अशी. दोघे जण स्वतंत्रपणे मराठी करतात, त्यातला एक वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा. मग दोन्हींचं मिळून एक करायचं, मूळ फॉर्म न पाहिलेल्यांकडून उलट भाषांतर करून घ्यायचं, आणि डॉक्टर व भाषेची माणसं एकत्र बसून ते तपासतात. हे सगळं झाल्यावर खरं काम सुरू होतं : तुमच्याच ओपीडीतल्या वयस्कर रुग्णांना एकेक प्रश्न वाचून दाखवायचा आणि "यातून तुम्हाला काय समजलं?" असं विचारायचं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, सगळेच आधार घेतात त्या मार्गदर्शक सूचनांत अशा चाचणीसाठी ३० ते ४० माणसं सांगितली आहेत. हॉस्टेलवरच्या मित्रांकडून फॉर्म भरून घेतले तर ती चाचणी धरता येत नाही. उत्तर सूनबाईंनी दिलं, तेही धरता येत नाही. मुलासमोर "वयाप्रमाणे चालायचंच" म्हणणारे आजोबा तो चहाला गेला की सगळं सांगतात, म्हणून आम्ही शक्यतो एकट्याला विचारतो. या टप्प्याला वेळ लागतो आणि बिलातला मोठा भागही त्याचाच असतो. तो आम्ही कमी करत नाही.

सुरुवात करण्याआधी प्रश्नावलीच्या हक्कदाराची लेखी परवानगी घ्या आणि अधिकृत मराठी आवृत्ती आधीच आहे का तेही त्यांनाच विचारा. असेल तर तीच वापरा, आमचा खर्च कशाला? तीसुद्धा तुमच्या रुग्णांना समजते का एवढंच तपासून हवं असेल, तर ते छोटं काम आम्ही वेगळं घेतो.

तुम्ही मराठी आधीच केलं असेल तर तेही पाठवा. एका भाषांतराच्या जागी ते धरता आलं तर तेवढे पैसे वाचतील. सोबत मूळ फॉर्म, परवानगीचं पत्र, आणि रुग्ण मुख्यतः कोणत्या तालुक्यांतून येतात ते कळवा. वऱ्हाडातला टोंगळा आणि कोकणातलं ढोपर म्हणजे गुडघाच, पण फॉर्मवर कोणता शब्द छापायचा ते त्यावरून ठरतं.