सभागृहातला मोबाइल आणि १९६१ चा निकाल

१० फेब्रुवारी २०२३ रोजी महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेल्या काँग्रेसच्या खासदार रजनी पाटील यांना उरलेल्या अधिवेशनासाठी निलंबित केलं गेलं. सभागृहात मोबाइलवर केलेलं चित्रण ट्विटरवर आलं, हा ठपका. गोंधळ सुरू झाला की संसद टीव्हीचा कॅमेरा अध्यक्षांच्या आसनावरच खिळतो, ही विरोधकांची जुनी तक्रार. त्यामुळे मोबाइल बाहेर निघतो.

खासदारांनी सोशल मीडिया कसा वापरावा, यासाठी स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. जे लागू होतं ते छापील वर्तमानपत्रांच्या काळातलं.

त्यातलं सगळ्यात बोलकं प्रकरण पश्चिम बंगालचं. आमदार जतीशचंद्र घोष यांनी १९५५ साली एका उपविभागीय अधिकाऱ्याच्या वर्तनाबद्दल विधानसभेत प्रश्न दिले. ते नामंजूर झाले, तेव्हा घोष यांनी ते ‘जनमत’ या स्थानिक पत्रात छापून आणले. अधिकाऱ्याने बदनामीची फौजदारी तक्रार केली. आमदारकीचं संरक्षण आहे, असं घोष यांचं म्हणणं. सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्ये ते फेटाळलं: सभागृहात उच्चारलेल्या शब्दाला कवच आहे, सभागृहाच्या अधिकाराने छापलेल्यालाही आहे, सदस्याने आपल्या मनाने बाहेर छापलं तर नाही. ‘जनमत’च्या जागी आज स्वतःचं हँडल ठेवून पाहा. लोकसभेचा नियम ३३४-अ याच वळणाचा आहे: सदस्याने सभागृहात विषय मांडण्यासाठी दिलेल्या नोटिशीला अध्यक्षांनी मंजूर करेपर्यंत प्रसिद्धी द्यायची नाही, आणि प्रश्नाच्या नोटिशीला तर उत्तराच्या दिवसापर्यंत नाही. आता नोटिशीचा फोटो सकाळीच फिरू लागतो.

कामकाजाचं खरं वृत्त छापणाऱ्यांना खासदार फिरोज गांधींच्या १९५६ च्या कायद्याने अभय दिलं. आणीबाणीत तो रद्द झाला, १९७७ मध्ये परत आला आणि ४४ व्या घटनादुरुस्तीने त्याचं तत्त्व राज्यघटनेत गेलं.

मोबाइलचा प्रश्न थेट उभा राहिला तो जुलै २०१६ मध्ये. ‘आप’चे खासदार भगवंत मान यांनी संसदेत शिरतानाचं चित्रण फेसबुकवर टाकलं, त्यात सुरक्षेचे अडथळे दिसत होते. लोकसभाध्यक्ष सुमित्राताई महाजन यांनी किरीट सोमय्यांच्या अध्यक्षतेखाली नऊ जणांची समिती नेमली आणि डिसेंबरमध्ये मान उरलेल्या अधिवेशनापुरते निलंबित झाले. पहाऱ्याच्या जागा उघड करणं धोक्याचंच, ती कारवाई मला पटते. पण आपला प्रतिनिधी सभागृहात काय करतो हे मतदाराला दाखवणं वेगळं. हा फरक नियमांत स्पष्ट लिहिला गेला पाहिजे.

निवडणुकीपुरते नियम मात्र स्पष्ट आहेत: आयोगाच्या ऑक्टोबर २०१३ च्या सूचनांपासून उमेदवाराला आपली खाती प्रतिज्ञापत्रात नोंदवावी लागतात आणि त्यांवरच्या प्रचाराचा खर्च हिशेबात दाखवावा लागतो.

रजनी पाटील यांचं निलंबन त्या अधिवेशनापलीकडे लांबलं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये उठलं. हक्कभंगाची प्रकरणं तपासणाऱ्या विशेषाधिकार समितीने त्यांना दोषी ठरवलं आणि भोगलेलं निलंबन हीच पुरेशी शिक्षा मानली.