एक ब्लेड आणि दोन ब्लेड, वाद एकच नाहीये

ब्लेड, म्हणजे पाय नसलेल्यांचा पळायचा कृत्रिम पाय, लावून पळणाऱ्याला धडधाकट पायवाल्यांच्या रेसमध्ये घ्यावं का हा विषय निघाला की लोक सगळ्या ब्लेडवाल्यांना एकाच रांगेत उभं करतात, कुणी म्हणतं स्प्रिंग लावून पळतायत राव, कुणी म्हणतं पळू द्या की बिचाऱ्यांना, आणि समोरच्याला ब्लेड एक आहे का दोन हे कोणीच बघत नाही. माझ्या मते सगळा घोळ तिथेच आहे.

आधी स्प्रिंगचं बघू. ब्लेड कार्बन फायबरचं असतं, ना मोटर ना बॅटरी. पाय टेकला की दबतं आणि उठताना साठवलेल्यातलं बरंचसं परत देतं, पण साठवलं त्याच्यापेक्षा जास्त देऊच शकत नाही. खऱ्या पायात पोटरीचे स्नायू वरून स्वतःची ताकद घालतात, ती इथे नाही. म्हणून नुसतं स्प्रिंग स्प्रिंग ओरडून काही सिद्ध होत नाही.

आता एक ब्लेडवाला घ्या. त्याचा दुसरा पाय स्वतःचा असतो, म्हणजे ब्लेडची उंची मनाला येईल तशी वाढवता येत नाही, दोन्ही बाजू जुळायला लागतात. २०१० मध्ये ग्राबोवस्की आणि सहकाऱ्यांनी अशा धावकांना पळवून मोजलं तेव्हा ब्लेडच्या पायाने जमिनीवर पडणारा जोर खऱ्या पायापेक्षा ९ टक्के कमी निघाला, आणि पाय पुढे फेकायचा वेळ दोन्हीकडे जवळपास सारखाच, म्हणजे ब्लेड हलकं म्हणून पाय भरभर पुढे येतो हा जो फायदा म्हणतात तोही दिसला नाही. त्यात ट्रॅकचं वळण कायम डावीकडे, त्यामुळे डाव्या पायाला ब्लेड असेल तर वळणावर अजून मार, २०१६ च्या एका अभ्यासात ब्लेड आतल्या बाजूला असताना वेग साधारण ४ टक्के कमी भरला. अशा माणसाला फायदा होतो म्हणणं मला तरी पटत नाही.

दोन ब्लेडवाल्याचं सगळंच वेगळं. तुलना करायला खरा पायच नाही. दक्षिण आफ्रिकेचा धावक ऑस्कर पिस्टोरियस याच्यावर जानेवारी २००८ मध्ये जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने जर्मनीत कोलोनला झालेल्या चाचण्यांवरून धडधाकट लोकांच्या स्पर्धांत बंदी घातली, मे महिन्यात क्रीडा लवादाने ती उठवली, कारण त्या चाचण्या सरळ रेषेत फुल स्पीडला पळतानाच्या होत्या आणि स्टार्टला, वेग पकडताना ब्लेडवाला मागे पडतो ते त्यात धरलंच नव्हतं. लवादासमोर गेलेल्या चाचण्या ज्या शास्त्रज्ञांनी केल्या त्यांच्यातच नंतर फूट पडली हे तर भारीच आहे. वेयँड म्हणाले ब्लेड हलके असल्याने तो पाय अति वेगाने पुढे आणतो, हा मोठा फायदा आहे, हर आणि क्रॅम म्हणाले एवढ्यावरून फायदा सिद्ध होत नाही. आकडे तेच बरं का! तोवर २०१२ ला लंडन ऑलिम्पिकमध्ये पिस्टोरियस ४०० मीटरच्या सेमीफायनलपर्यंत गेलासुद्धा, आणि त्यानंतर तिथल्याच पॅरालिम्पिकमध्ये २०० मीटरला ब्राझीलच्या अ‍ॅलन ऑलिव्हेराने हरवल्यावर समोरच्याची ब्लेड फार लांब आहेत अशी तक्रार करणारा पण तोच.

तक्रार अगदीच हवेत नव्हती पण. दोन्ही पाय नसले की उंची किती ठेवायची हे माणूस ठरवतो, म्हणून पॅरा स्पर्धांमध्ये मांडी, हात, धड वगैरेच्या मापांवरून कमाल उंची काढतात. अमेरिकेचा ब्लेक लीपर त्या हिशोबापेक्षा साधारण १५ सेंटीमीटर उंच होऊन पळत होता. २०२० मध्ये त्याच्या केसमध्ये लवादाने एक चांगलं केलं, फायदा नाही हे खेळाडूनेच सिद्ध करायचं हा नियम रद्द केला, पण लीपर मात्र हरला, उंचीवरच. गंमत म्हणजे त्याच वर्षी टबोगा वगैरेंचा दोन ब्लेडवाल्यांवरचा पेपर आला, त्यात उंची बदलून टॉप स्पीडमध्ये फरक पडला नाही, ब्लेडच्या आकाराने पडला. तरी मी म्हणेन उंचीवर मर्यादा हवीच, कारण असे धावक मुळात मोजके, पाचसहा जणांवरून कायमचा निकाल लावता येत नाही.

पॅरामध्ये एका पायाचे टी६४ आणि दोन पायांचे टी६२ असे वर्ग आहेत, तरी १०० मीटरला बऱ्याचदा एकत्रच पळवतात, आणि मग टीव्हीवर बघणाऱ्याला सगळे सारखेच वाटतात.

आता कुणीतरी जर्मनीच्या लांब उडीवाल्या मार्कुस रेहमचं नाव काढणारच. त्याला एकच ब्लेड, तरी २०१४ ला ८.२४ मीटर उडी मारून धडधाकट लोकांमध्ये जर्मन चॅम्पियन झाला आणि युरोपियन स्पर्धेला त्याला घेतलं नाही, पुढे २०२३ मध्ये तर ८.७२ पर्यंत गेला. पण ही लांब उडी आहे, पळणं नाही. रन-अपला तो धडधाकट उडीवाल्यांपेक्षा हळूच असतो, उडी मात्र ब्लेडच्याच पायावरून घेतो आणि त्या एका टेकीत ब्लेड कामाला येतं. पळताना ज्याचा तोटा तेच उडीला उपयोगी, त्यामुळे रेहमचा आकडा दाखवून एक ब्लेडवाल्या धावकाला अडवता येत नाही, आणि धावकांवरचे अभ्यास दाखवून रेहमला क्लीन चिटही देता येत नाही.