सुकाणू जड का होते?

शिडाच्या नौकेचे सुकाणू जड वळू लागले की बहुतेकांचा हात प्रथम ग्रीसच्या डब्याकडे जातो. बिजागरी कुरकुरली की तेल सोडावे, त्यातलाच हा प्रकार. पण सुकाणूच्या बाबतीत हा उपाय पुष्कळदा निरुपयोगी आणि कधी कधी अपायकारकही ठरतो.

आजच्या बहुतेक क्रीडानौकांत सुकाणूचे पाते मागच्या भागाखाली टांगलेले असते. त्याचा दांडा तळातून वर एका नळीत शिरतो आणि दोन बेअरिंगांत फिरतो. त्यांपैकी एक नळीच्या खालच्या तोंडाशी असते आणि दुसरे वर, डेकच्या बाजूला. कोकणातल्या जुन्या घडणीच्या होड्यांचे सुकाणू मागच्या खांबावरील कड्यांत अडकवलेले असल्याने त्याचा भार वरखाली वाटला जातो; टांगत्या पात्याला मात्र खालून कसलाच आधार नसतो.

याचा परिणाम आकड्यांत पाहण्यासारखा आहे. पाते 1.2 मीटर उंच व अर्धा चौरस मीटर क्षेत्रफळाचे आहे आणि नौका 7 नॉट (ताशी सुमारे 13 किलोमीटर) वेगाने जात असताना ते चांगलेच वळवले आहे असे धरले, तर पाण्याचा आडवा रेटा सुमारे 340 किलो वजनाइतका भरतो. तो साधारणपणे पात्याच्या मध्यावर, म्हणजे खालच्या बेअरिंगपासून 60 सेंटिमीटर खाली लागतो. दोन्ही बेअरिंगांतील अंतरही तेवढेच असेल, तर तरफेच्या नियमाने वरच्या बेअरिंगवर 340 आणि खालच्यावर 680 किलो भार येतो. वेग दीडपट झाला की हे सारे आकडे सव्वादोनपट होतात. खालचे बेअरिंग आधी का झिजते, याचे उत्तर या हिशेबातच आहे.

दांडा 60 मिलिमीटर जाड आणि घर्षणांक (भाराच्या मानाने घर्षण किती, हे सांगणारा आकडा) 0.2 असेल, तर केवळ घर्षणावर मात करण्यासाठी एक मीटर लांब टिलरच्या, म्हणजे सुकाणू वळवायच्या हातदांडीच्या, टोकाला सुमारे 6 किलोचा जोर लावावा लागतो. घर्षणांक निम्मा झाला की जोरही निम्मा. चांगल्या पात्याचा दांडा पुढच्या कडेपासून थोडा मागे बसवून पाण्याचा पीळ मुद्दाम कमी ठेवलेला असतो, त्यामुळे घर्षण वाढले की हाताला पाणी कळेनासे होते आणि बेअरिंगच तेवढे जाणवते. ऑटोपायलट असेल तर त्याची किंमत बॅटरी मोजते. लांबच्या सफरीत सुकाणू रात्रंदिवस हलत राहते, आणि स्टिअरिंगला पर्याय नसतो. गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’ या नौदलाच्या नौकेला पृथ्वीप्रदक्षिणेच्या अखेरच्या टप्प्यात, एप्रिल 2018 मध्ये, स्टिअरिंग यंत्रणेतील बिघाडामुळे मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात थांबावे लागले होते.

आता ग्रीसकडे येऊ. अनेक जुन्या नौकांत बेअरिंग म्हणजे नायलॉनचा साधा बुश, दांड्याभोवती बसणारे पोकळ कडे, असतो. नायलॉन पाणी पिते. नायलॉन 6 हा प्रकार पूर्ण भिजल्यावर स्वतःच्या वजनाच्या सुमारे 9 टक्के पाणी शोषतो आणि फुगतो. बाहेरून नळीने जखडलेला असल्यामुळे तो आतल्या बाजूला फुगतो आणि दांड्याभोवतीची आधीच बारीक असलेली फट गिळून टाकतो. गोदीत बोटाने फिरणारे सुकाणू पाण्यात काही महिने काढल्यावर जड होते ते यामुळे. जिथे फटच उरलेली नाही तिथे ग्रीस शिरणार कुठे? शिरलेच, तर मुंबई बंदरासारख्या गढूळ पाण्यातले बारीक कण त्यात अडकतात आणि दांडा घासणारी लुगदी तयार होते. बुश आतून किंचित मोठा करून घेणे किंवा असिटालसारख्या, फार तर टक्काभर पाणी शोषणाऱ्या प्लास्टिकचा नवा बुश बसवणे, हे खरे उपाय आहेत. प्लास्टिकच्या गोळ्यांच्या बेअरिंगना तर गोड्या पाण्याचा भरपूर फवारा पुरतो.

बेअरिंग सैल झाले आहे का, हे नौका किनाऱ्यावर काढल्यावर कळते. आपल्याकडे पावसाळ्याआधीचे दिवस त्यासाठी सोयीचे. एकाने टिलर घट्ट धरावा, दुसऱ्याने पात्याचे खालचे टोक धरून ते आडवे आणि पुढेमागे हलवावे, आणि कान ‘टक्’ अशा आवाजाकडे ठेवावा. वरच्या उदाहरणात खालच्या बेअरिंगमध्ये 1 मिलिमीटर ढिलाई असेल तर टोक 3 मिलिमीटर हलते, म्हणजे तपासणीत तरफ आपल्या बाजूने असते. मग पाते या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. सगळीकडे सारखेच जड असेल तर बुश फुगल्याचा संशय घ्यावा. एकाच कोनात अडत असेल तर दांडा वाकला असण्याची शक्यता मोठी.

सीलचे, म्हणजे दांड्याभोवतून पाणी आत येऊ न देणाऱ्या भागाचे, काम वेगळे. नळी डेकपर्यंत गेलेली असेल तर सील गळला तरी फारसे बिघडत नाही. नळी आखूड असेल तर मात्र तोच नौकेचा दरवाजा. पाण्याखाली 30 सेंटिमीटरवर 1 चौरस सेंटिमीटरची फट पडली तर तासाला सुमारे 500 लिटर पाणी आत येते. सील रबरी ओठाचा, भात्यासारख्या रबरी नळीचा किंवा वातीसारख्या विणलेल्या दोरीच्या ग्लँड पॅकिंगचा असतो. नौका ढकलणाऱ्या पंख्याच्या शाफ्टवरचे जुन्या पद्धतीचे असे ग्लँड थेंब-थेंब गळू देतात, कारण त्या पाण्याने शाफ्ट थंड राहतो. सुकाणू संथ फिरते, तेव्हा त्याचे ग्लँड कोरडेच हवे. भात्याचे रबर घड्यांत तडकते आणि त्याच्या क्लिपा गंजतात, म्हणून घडी बोटांनी उलगडून पाहावी.

सर्वांत फसवा भाग म्हणजे दांडा पात्यात शिरतो तो सांधा. नौका वर काढल्यानंतर दोन-तीन दिवसांनीही पात्यातून पाणी ठिबकत असेल, तर ते आतल्या फोममध्ये मुरले आहे. स्टेनलेस स्टीलचे संरक्षण करणारा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर टिकायला ऑक्सिजन लागतो. साचलेल्या खाऱ्या पाण्यात तो मिळत नाही आणि चकचकीत दिसणारा दांडा आतून खड्डे पडून खंगतो. अशा वेळी वरून पुट्टी भरून भागत नाही. पाते उघडावेच लागते.

दुरुस्ती झाल्यावर सील नांगरलेल्या नौकेत पाहून समाधान मानू नये. वेगात नौकेची मागची बाजू खाली बसते आणि शिडांच्या दाबाने ती एका अंगाला कलते, त्यामुळे बंदरात पाण्याच्या वर राहणारा सील समुद्रात पाण्याखाली जातो. म्हणून पहिल्याच फेरीत, नौका चांगली कललेली असताना, कोणीतरी टॉर्च घेऊन मागच्या कप्प्यात उतरावे आणि नळीभोवती कोरडा कागद फिरवून पाहावा.